होकार फोनवरच

डोंबिवलीतल्या त्या अख्ख्या इमारतीत फोन एकट्या उत्तम केणेच्या घरी होता, आणि सगळ्या बिऱ्हाडांनी तोच नंबर 'पीपी' म्हणून नातेवाइकांना देऊन ठेवला होता. नव्याण्णव साली उत्तमने त्याच फोनच्या वायरीला कॉम्प्युटर जोडला आणि शेजारधर्माची वाट लावली.

कॉम्प्युटरवर त्याने फीड लावलं होतं. नेमून दिलेल्या वेबसाइटवर नवीन काही आलं की ते आपोआप घरपोच येई. सध्या त्याचा जीव समाजाच्या वधू-वर मंडळाच्या वेबसाइटमध्ये अडकला होता. कल्याणच्या चित्राला तो नुकताच पाहून आला होता आणि ती त्याला मनापासून आवडली होती. काय बोलावं ते न सुचल्यामुळे तो तिच्याशी पोहे गार होईपर्यंत फक्त फीडबद्दल बोलला. निघताना तिचे वडील दौलतराव म्हणाले होते, "काय ते फोनवर कळवतो." पण लग्न ठरलं की मंडळ वेबसाइटवर टाकतंच, मग फोनची वाट कशाला बघायची, असा उत्तमचा हिशेब होता. काही निसटू नये म्हणून त्याने इंटरनेट दिवसरात्र चालू ठेवलं, आणि ते चालू असेपर्यंत फोन करणाऱ्याला एंगेजच लागे.

"अरे, त्या मेल्या डब्याला जरा झोपव," आई जनाबाई म्हणाल्या. "शेजारच्या केशरबाईंची लेक शहाडला अवघडलेय. तिचा फोन यायचाय."

उत्तम म्हणाला, आज ठेवतो बंद. ते त्याने रोज म्हटलं.

आठवडा सरत आला तेव्हा फीड वाजलं. 'कल्याणच्या चित्राचं स्थळ पुन्हा खुलं. मुलाकडचा फोन सतत एंगेज असल्याने त्यांची दुसरीकडे बोलणी चालू असावीत, असा घरच्यांचा समज.'

उत्तमच्या पायाखालची जमीन सरकली. खुलासा करायला त्याने फोन उचलला, तर कानात मोडेम किंचाळलं. तो तसाच रिक्षा करून कल्याणला पोचला. दार चित्रानेच उघडलं.

"मिळालं वाटतं," ती म्हणाली. "मंडळाची वेबसाइट मीच सांभाळते. तुमचा फोन लागेना, मग म्हटलं, तुम्ही वाचता तिथेच लिहावं."

"हे त्या दिवशी नाही सांगितलंत?"

"बोलू कुठे दिलंत?"

उत्तम ओशाळला. धीर करून त्याने विचारलं, "मग, होकार आहे?"

तिने हसू दाबत आत बोट दाखवलं. आत दौलतराव रिसीव्हर कानाला लावून उत्तमच्याच घरचा नंबर फिरवत बसले होते.

"फोनवर कळवतो म्हणालोय, तर फोनवरच कळवणार," ते म्हणाले. "घरी जा नि फोन मोकळा ठेवा."

उत्तम आला तसा उलट पावली धावला. घरी जनाबाईंनी कॉम्प्युटरची वायर केव्हाच उपटून टाकली होती. फोनपाशी केशरबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे इमारतीची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

"काकी, जरा आटपा ना, माझा महत्त्वाचा फोन यायचाय," उत्तम काकुळतीला आला.

"आमचापण आठवडाभर यायचाच होता," केशरबाई म्हणाल्या, आणि नातवाचं नाक कुणावर गेलंय याची चौकशी त्यांनी पहिल्यापासून सुरू केली.

उत्तम निमूटपणे स्वतःच्याच घरात रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. तिकडे कल्याणला दौलतरावांना अजून एंगेजच लागत होता.