पत्रिका नको, लोकेशन पाठवा

आमच्या पूर्णेत मुलीसाठी स्थळ आलं की बाप पत्रिका मागतो, शेती विचारतो, मुलगा कुठं चिकटलाय ते बघतो. शेजारचे शिवलिंगअप्पा लोकेशन मागायचे. "पत्रिका नको, घराचं लोकेशन पाठवा," एवढं बोलून फोन ठेवायचे. मग त्या घराचे अक्षांश-रेखांश काढायचे, आपल्या घराचे त्यांच्या शेजारी मांडायचे आणि पृथ्वी गोल आहे म्हणून त्यात साइन-कोसाइन कालवून दोन बिंदूंमधलं अंतर काढायचे. ते त्यांनी ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की स्थळ बाद. मुलाचं तोंडही बघायचे नाहीत.

जन्मभर शाळेत गणित शिकवल्याचा हा परिणाम. मी रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी काढली, त्यामुळे कुठलं गाव किती लांब हे मलाही थोडंफार कळतं असा माझा समज होता. अप्पांनी तो टिकू दिला नाही.

"तुमचं ते रुळाचं अंतर, बाबुराव. रूळ वाकडे. खरं अंतर सरळच असतंय."

हे सरळ अंतर एकदा ते चालूनही आले. ताडकळसला पुतण्याचं लग्न होतं. एसटी वळसा घालते म्हणून अप्पा सकाळीच फोनवर दिशा लावून नाकासमोर निघाले. नाकासमोर लोकांचे कापूस होते, एक ओढा होता आणि दावं तोडलेला एक बैल होता. अप्पा पोचले तेव्हा मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. गुडघ्यापर्यंत काळी माती, विजार काट्यानं फाटलेली. भावजयीनं विचारलं, "भावजी, एवढा उशीर?"

"अंतर कमीच होतं," अप्पा म्हणाले. "मधी जमीन लय आली."

अशानं त्यांच्या लेकीचं, नंदाचं, वय वाढत चाललं. ती शाळेत असतानाच तिची आई वारली. घरात बापलेक दोघंच. अप्पांना सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सांगायला गेलो. "हिशोब करता करता पोरगी घरातच ठेवता का?" त्यांनी मला पृथ्वीची त्रिज्या सांगितली.

शेवटी नंदानंच मुलगा सांगितला. परभणीला कॉलेजात सोबत होता, मूळचा चिपळूणचा, तिकडंच बँकेत. भावकी गोळा झाली. मुलगा आपल्यातला नाही, यावर चुलत्यांनी डोकं खाल्लं. अप्पांनी त्यांना गप्प केलं.

"जात ऱ्हाऊ द्या हो. चिपळूण कुठं हाय ते बघितलं का?"

मला पहिल्यांदाच या माणसाबद्दल आदर वाटला. तेवढ्यात ते गणित मांडायला बसले आणि मी तो परत घेतला.

उत्तर निघालं. अप्पांनी चष्मा काढला. "बाद."

नंदा चहाचे कप उचलत होती. ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही. "अप्पा, तुमची मर्यादा तेवढीच ठेवा. घर बदला. तुमी बी या तिकडं."

भावकी हसली. मीही हसलो. पूर्णेबाहेर मुक्काम म्हटला की ज्यांचं पोट बिघडतं, ते कोकणात जायलेत म्हणे. एकटे अप्पा हसले नाहीत. उठून आत गेले.

लग्न झालं, नंदा गेली. त्यानंतर अप्पांनी कुणाला अंतर सांगितल्याचं ऐकलं नाही. गल्ली सुटली, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

पुढं एका दुपारी ते माझ्याकडं आले. पाणी प्याले. मी चिडवलं, "काय अप्पा, आज कुठलं गाव मोजलं?"

त्यांनी ते कानाआड केलं. "घराला गिऱ्हाईक बघा एखादं," म्हणाले. "पोरीनं खोली बघून ठेवली. तिच्या घराच्या खालीच. गुडघ्याला बरं म्हणती."

अप्पा दाराबाहेर बघत बसले. उन्हात त्यांच्या ओट्यावर कुणाची तरी शेळी बसली होती. एरवी त्यांनी तिला हाकललं असतं.

"बाबुराव, तिकडं समदे भातच खातेत म्हणं," ते हळू म्हणाले. "ज्वारी मिळती का हो?"

मी उभ्या जन्मात कोकण बघितलेलं नाही.

"मिळते," मी म्हणालो. "लय चांगली मिळते."