गोड गोळीची तपासणी

नवऱ्याची नाश्त्यानंतरची साखर पुन्हा चढलेली दिसली, तेव्हा मंगलाबाईंनी चहात टाकायच्या गोड गोळ्यांची डबी उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "नावाला बिनसाखरेची, आणि साखर हीच वाढवते. उद्यापासून फिका चहा," त्यांनी जाहीर केलं.

नीळकंठरावांच्या पायाखालची जमीन सरकली. मधुमेह झाल्यापासून भोपाळात राहूनही पोह्यांबरोबरची जिलेबी सुटली होती, आंबा एका फोडीवर आला होता. आयुष्यात गोड म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या डबीत होतं. शिवाय कारखान्याच्या तपासणी विभागात उभी हयात काढलेला हा माणूस. तपासल्याशिवाय त्यांनी साधा नटसुद्धा कधी बाद केला नव्हता.

"बिना टेस्टिंगचं रिजेक्ट? असं नाही चालत, मंगला. एका वेळी एकच पार्ट काढून बघायचा, बाकी सगळं तेच ठेवायचं. दोन दिवस दे मला."

साक्षीला समोरच्या सरोजवहिनी आल्या. त्या निवृत्त नर्स. पहिल्या सकाळी नेहमीचाच नाश्ता झाला, मंगलाबाईंनी कपाटातून मोजून दिलेल्या गोळ्यांचा चहा आणि टोस्ट. दोन तासांनी बोट टोचलं तर आकडा चांगलाच वर. मंगलाबाईंनी कपाटाच्या कुलुपाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या सकाळी टोस्ट काढून टाकला आणि नुसता चहा घेतला. दूध तेवढंच, गोळ्याही तेवढ्याच. रावांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण दोन तास त्यांनी दुसऱ्या कशालाही हात लावला नाही.

वहिनींनी मशीन दोनदा पाहिलं. "दुधापुरती जराशी हलली न भाऊजी. गोळीनं काही नाही केलं."

"देखा?" नीळकंठराव खुर्चीतून उठलेच. अयोध्या नगर कॉलनीत ओळखीच्या सगळ्या घरी फोन गेले, नागपूरच्या भावालाही कळवलं. गोळी पास झाली होती. मंगलाबाईंनी कुलूप काढून डबी निमूटपणे त्यांच्या हातात दिली. एवढी सहज हार त्यांनी कधीच मानली नव्हती, पण विजयाच्या भरात रावांच्या ते लक्षात आलं नाही.

"बरं झालं. पण मग साखर वाढवत होतं कोण?" मंगलाबाईंनी विचारलं.

रावांची नजर टोस्टच्या डब्यावर गेली. चहात साखर नाही म्हणून ते हल्ली बिनधास्त दुप्पट टोस्ट बुडवत होते. स्वतःचीच तपासणी खोटी म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी स्वतः उठून टोस्टचा डबा सरोजवहिनींच्या हवाली केला.

पुढच्या तपासणीत डॉक्टर खूश झाले. रावांनी छाती पुढे काढून त्यांना दोषी कसा पकडला ते सविस्तर सांगितलं, आणि बाहेर येताना बायकोला चिडवलं, "तुझा तर सगळा राग त्या गोळीवर होता."

"होता ना," मंगलाबाई म्हणाल्या. टोस्ट बंद करा म्हणून ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. शेवटी बिचाऱ्या गोळीवर आळ घेतला, तेव्हा कुठे हा माणूस टोस्ट बाजूला ठेवायला तयार झाला. स्कूटरवर मागे बसून त्या घरापर्यंत एकट्याच हसत होत्या.