बादलीतला पाचवा खडा

इल्पो कार्नाला बोर्निओला जायचं होतं, आणि ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती, कारण त्याने ती कुणाला सांगितलीच नव्हती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या बायकोने, सिर्क्कूने, फ्रिजवर कोस्टारिकाच्या जंगलातल्या, फांदीला उलट्या लटकलेल्या स्लॉथचं चित्र लावलं आणि विचारलं, "हिवाळ्याच्या सुट्टीत इथे जाऊ या? का बोर्निओ बघायचं? जंगल दोन्हीकडे आहे, ऊनही दोन्हीकडे आहे." इल्पो बुटाची नाडी बांधत होता. तो म्हणाला, "हं." फिनलंडमधल्या आमच्या ताम्पेरेत 'हं' म्हणजे पूर्ण संमती. काही लग्नं तेवढ्यावर झालेली आहेत.

संसाराचा ताळेबंद मांडला तर इल्पोच्या बाजूला आजवर एकच नोंद निघाली असती : कुत्र्याचं नाव त्याने ठेवलं होतं. कुत्रा गेल्या वर्षी वारला. भिंतींचा रंग, तळ्याकाठची झोपडी, सोफा, मुलीचं नाव, सगळं सिर्क्कूच्या खात्यावर. त्याची तक्रार नव्हती. पण लहानपणी दातांच्या दवाखान्यात बसलेला असताना एका मासिकात त्याने बोर्निओच्या जंगलातल्या ओरांगउटान वानराचा फोटो पाहिला होता. धो धो पावसात, डोक्यावर एक मोठं पान धरून, कुणाशी काही न बोलता बसलेला. एवढा ओळखीचा चेहरा इल्पोला सबंध नात्यागोत्यात सापडला नव्हता. मरण्याआधी त्याला एकदा समोरून बघायचं होतं.

आता हे बायकोला सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं. त्यापेक्षा बोर्निओपर्यंत चालत जाणं सोपं.

वाट सासूबाईंनी काढली. हिल्क्काबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेकीकडेच राहत होत्या. नात वेन्ला विद्यापीठातून नेहमीप्रमाणे शनिवार-रविवारसाठी घरी आली आणि जेवताना सहज म्हणाली, "मला तर बोर्निओ." लगेच हिल्क्काबाई म्हणाल्या, "भांडू नका. मत टाका. शुक्रवारी, सॉनात. तिथे माणूस खोटं बोलत नाही."

"आणि भांडतही नाही," सिर्क्कू म्हणाली.

"भांडायला श्वास कुठे उरतो, आई?" वेन्ला म्हणाली.

इमारतीचा सॉना, म्हणजे वाफ घेत बसायची लाकडी खोली, तळघरात आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातला एक ठरलेला तास, आणि दारावर नावांचा तक्ता. हा तास म्हणजे आमच्याकडे जमिनीसारखी मालमत्ता. शेजाऱ्याने तुमची बायको पळवली तर लोक समजून घेतील, पण तुमच्या तासातली दोन मिनिटं खाल्ली तर सोसायटीची बैठक बसते. निदान वेइक्को लेम्मेत्ती अध्यक्ष होते तोवर बसायची. ते घड्याळ घेऊन बाहेर उभे राहत आणि दार ठोठावत. सप्टेंबरात ते वारले. त्यांच्या पत्नी बहिणीकडे कुओपिओला गेल्या म्हणे. तक्त्यावर कार्नांच्या आधीच्या तासाला अजून 'लेम्मेत्ती' लिहिलेलं होतं. मेलेल्याचं नाव खोडायला बैठक लागते, आणि बैठक बोलवणारा अध्यक्षच मेला होता.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे बायका आधी आत गेल्या. इल्पो मागून गेला. जायचं शेवटी आणि निघायचं सर्वांत आधी, म्हणजे बायकांना कपडे बदलताना अडचण नको, ही त्याची रीत. चष्मा तो बाहेर ठेवायचा आणि चष्म्याशिवाय त्याला जगाची फक्त रूपरेषा दिसायची. वरच्या बाकावर दारापासून सिर्क्कू, हिल्क्काबाई, वेन्ला, आणि भिंतीच्या बाजूला तो स्वतः. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात कधीपासून एक राखाडी ढीग दिसायचा. टॉवेल असतील, असं तो धरून चालला होता.

हिल्क्काबाईंनी त्याच्या हातावर दोन खडे ठेवले. "पांढरा गुळगुळीत, तो कोस्टारिका. काळा खरखरीत, तो बोर्निओ. एक बादलीत टाकायचा, एक मुठीत ठेवायचा. वेन्ला, दिवा घालव."

अंधार झाला. तापलेल्या दगडांवर पाणी चुरचुरलं आणि वाफ मानेवरून सरकत खाली आली. बादली बाकावरून निघाली. टक्. मग टक्. मग टक्. बादली इल्पोकडे आली. त्याने काळा खडा अंगठ्याने चाचपला आणि टाकला. टक्. आता बादली परत द्यायची म्हणून तो वळणार, एवढ्यात डावीकडून, जिकडे भिंतीशिवाय काही नव्हतं तिकडून, एक हात आला आणि त्याने बादली अलगद काढून घेतली.

टक्.

आणि बादली पुन्हा त्याच्या मांडीवर येऊन बसली.

हाताची बोटं त्याच्या बोटांना लागली होती. ती थंडगार नव्हती. चांगली ऊबदार होती, आणि तेच त्याला सर्वांत भयंकर वाटलं. ओरडावं असं त्याच्या मनात आलं. पण सॉनात कुणी ओरडत नाही.

दिवा लागला. सिर्क्कूने बादली उपडी केली. "तीन काळे, दोन पांढरे," ती म्हणाली. "बोर्निओ."

"बोर्निओ!" वेन्लाने टाळी वाजवली.

"चला, एकदाचं ठरलं," हिल्क्काबाई म्हणाल्या.

इल्पो त्या तिघींच्या धूसर चेहऱ्यांकडे पाहत राहिला. माणसं चार होती. खडे पाच होते. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. कोपऱ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. पण कोपऱ्यातला टॉवेलांचा ढीग मोठा, सुखाचा उसासा टाकता झाला, तो त्याने ऐकला.

वर येऊन त्याने कपाट उघडलं. घरातले सगळे राखाडी टॉवेल घड्या घालून जागेवर होते.

आता इथे शहाण्या माणसाने बोलावं. पण इल्पोने हिशेब केला. सिर्क्कूचा खडा पांढरा, सासूबाईंचा लेकीसाठी पांढरा. वेन्लाचा काळा, आपला काळा. म्हणजे बरोबरी. तो पाचवा खडा काळा पडला म्हणून बोर्निओ. पाचव्या खड्याबद्दल विचारलं की मतदान रद्द, आणि मग फ्रिजवरचा स्लॉथ. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या बाजूने मत दिलं होतं. आता ते जिवंत आहे की नाही, एवढ्या तपशिलात जाण्याचं कारण नव्हतं.

तरी भीती काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला आडून विचारलं, "आपण किती जण असतो गं?"

"कुठे?"

"असंच. साधारण."

"इल्पो, तुला ताप आहे का?"

तो तळघरात जाऊन तक्त्यासमोर उभा राहिला. लेम्मेत्ती. त्यांच्यानंतर कार्ना. मग सगळं लख्ख झालं. अध्यक्ष आपल्या तासाला येत होते आणि तास संपल्यावर जात नव्हते. इल्पोला घाम फुटला, पण त्यातही थोडा राग होताच. दुसऱ्यांची दोन मिनिटं मोजणारा माणूस! मेल्यावर वेळ पाळायची नसते का?

तरी मत दिलं होतं त्यांनी. उपकाराची फेड करायला हवी. पुढच्या शुक्रवारी त्याने दगडांवर भाजायला एक जास्तीचं सॉसेज चांदीच्या कागदात गुंडाळून नेलं, मोहरीची पुडी सोबत ठेवली, आणि निघताना ते मुकाट्याने कोपऱ्यात सरकवलं. "हे... तुम्हाला," असं तो ढिगाकडे न बघता पुटपुटला. शनिवारी तो धीर करून बघायला गेला. सॉसेज गेलं होतं. मोहरी गेली होती. चांदीच्या कागदाची काटेकोर चौकोनी घडी करून ती बाकावर ठेवलेली होती. अगदी अध्यक्षांचीच शिस्त.

त्याच्या पुढच्या खेपेला तो चष्मा घालून आत गेला. काचांवर क्षणात वाफ बसली आणि जे थोडंफार दिसायचं तेही गेलं. त्या पांढऱ्या आंधळेपणात त्याच्या डाव्या खांद्याशी कुणीतरी हळूहळू श्वास घेत होतं. तापलेल्या काड्यांनी कानशिलं भाजायला लागली तेव्हा त्याने चष्मा काढला.

"बाबा, चष्मा घालून कशाला आला होतास?" वर घरी आल्यावर वेन्लाने विचारलं.

"बघायला."

"काय?"

"काही नाही."

"मग दिसलं का?"

"हं."

हेही सगळं त्याने सोसलं असतं. माणूस बोर्निओसाठी काय सोसत नाही? पण सोमवारी सिर्क्कू सहलीच्या कचेरीशी फोनवर बोलत होती आणि इल्पो बटाटे सोलत होता. "हो, बोर्निओ," ती म्हणाली. "नदीकाठचं तंबूघर. नाही, नाही, चार नाही. पाच जण. पाचव्या माणसाला वेगळी खोली. हो, खिडकीकडची जागा दिलीत तर बरं, या वयात तेवढीच हौस."

सुरी बेसिनमध्ये पडली.

म्हणजे सिर्क्कूला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. ते येणार होते. विमानात, नावेत, जंगलात. ओरांगउटान समोर येईल आणि शेजारी लेम्मेत्ती घड्याळ घेऊन उभे असतील. सबंध आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही न बोलता, आणि ती या रूपाने पदरात पडत होती. आता मात्र गप्प राहण्यात तोटा होता.

शुक्रवारी त्याने आत गेल्या गेल्या स्वतःच दिवा घालवला. भूत दिसत असताना त्याच्याशी बोलायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. बायका जराशा चुळबुळल्या. दगडांवर पाणी पडलं. इल्पो डावीकडे वळला आणि अंधाराला म्हणाला, "लेम्मेत्तीसाहेब, तुमचे उपकार आहेत. पण तुम्ही... तुम्ही बोर्निओला येणार नाही ना?"

अंधार क्षणभर विचारात पडला.

"येणार तर," अंधार म्हणाला. "पासपोर्ट नवा केला मी."

इल्पो बाकावरून खाली कसा आला, ते कुणी पाहिलं नाही. फक्त बादली घरंगळत गेल्याचा आवाज आला. वेन्लाने दिवा लावला. कोपऱ्यात, राखाडी झग्यात गुंडाळलेल्या, ओल्या केसांच्या, आउने लेम्मेत्ती बसलेल्या होत्या. अध्यक्षांच्या विधवा.

"लागलं का हो?" त्यांनी काळजीने विचारलं.

"तुम्ही... तुम्ही कुओपिओला गेला होतात!"

"एक आठवडा. बहीण फार बोलते."

"बाबा, या दीड महिना इथेच बसतायत," वेन्ला म्हणाली. "तुला दिसल्या नाहीत?"

"आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत!"

"काय बोलायचं?" सिर्क्कू म्हणाली. "मला वाटलं, आईने बोलावलंय. दोघी एका वयाच्या आहेत."

"मला वाटलं, तू बोलावलंस," हिल्क्काबाई म्हणाल्या. "विचारायचं कसं? समोर बसलेल्या माणसाला 'तुम्ही का बसलात' म्हणायचं? म्हणून खडेही दिले. एकट्यांना वगळणं बरं दिसलं नसतं."

"आणि मग तू स्वतः त्यांच्या हातात बादली दिलीस," सिर्क्कूचा आवाज जरा मऊ झाला. "वर सॉसेज. मला इतकं बरं वाटलं, इल्पो. मत दिलं म्हणजे बोलावणंच की. मी वर जाऊन त्यांना विचारूनही आले."

आउनेबाई झग्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. "आमचा तास दोघांचा होता," त्या म्हणाल्या. "एकटीला तो संपता संपेना. आणि संपला की उठवेना. वेइक्को असते तर मला दार ठोठावून बाहेर काढलं असतं."

हिल्क्काबाईंनी दगडांवर तांब्याभर पाणी जास्तीचं ओतलं. आमच्याकडे शोक असाच करतात.

"पण मत तुम्ही बोर्निओला दिलंत, ते फार..." इल्पोने फरशीवरूनच सुरुवात केली.

"छे, छे. मी पांढरा टाकला," आउनेबाई म्हणाल्या. "मला तो स्लॉथ बघायचाय. कुणी घाई करत नाही त्याला."

इल्पोने बोटांवर मोजलं. मग सिर्क्कूकडे पाहिलं.

"माझा काळा होता," ती म्हणाली. "तुझ्या उशीखाली वाचनालयाचं बोर्निओचं पुस्तक आहे, चार वेळा मुदत वाढवलेलं. चादर कोण बदलतं?"

"मग फ्रिजवर स्लॉथ का लावलास?"

"तू काहीतरी बोलावंस म्हणून. तू 'हं' म्हणालास."

इल्पोला भरून आलं. पण तेवढ्यात हिल्क्काबाईंनी घसा साफ केला. "तरी मी म्हणते, एवढ्या मनापासून कोस्टारिका पाहिजे कुणाला, तर यांनाच. आपल्याकडे येणाऱ्या माणसाचं मन मोडू नये."

"तेही खरंच," सिर्क्कू म्हणाली. "कचेरीत बदलून देतील."

"मला काय, दोन्हीकडे माकडं आहेत," वेन्ला म्हणाली.

"नको नको, माझ्यामुळे नको," आउनेबाई म्हणाल्या, पण आमच्याकडे असं म्हणणाऱ्याचंच काम होतं.

"इल्पोचं काही नसतं," सिर्क्कूने सवयीने निकाल दिला. "हो ना?"

चौघी त्याच्याकडे पाहत होत्या. 'हं' ओठांपर्यंत आलेलाच होता. पावसात, डोक्यावर पान धरून बसलेला तो लालसर म्हातारा मागे मागे सरकत झाडीत दिसेनासा होत होता. समोर एक दुःखी विधवा होती, जिची एवढी एक इच्छा होती, आणि तिच्या तोंडचा घास काढायचा होता. इल्पो उठला. टॉवेल सावरला.

"नाही," तो म्हणाला. "मला बोर्निओला जायचंय. मला. मीच जायचं म्हणतोय. कोस्टारिका नको."

तळघरात तो आवाज फार मोठा झाला. दगडांवरचं पाणीही चुरचुरायचं थांबलं. सिर्क्कूने आईचा दंड धरला. वेन्ला बाकावर पाय वर घेऊन भिंतीला टेकली. तिघींच्याही अंगावर, त्या एवढ्या उकाड्यात, काटा आला होता.

फक्त आउनेबाई पुढे वाकल्या. "बरं झालं बोललात," त्या हळूच म्हणाल्या. "इतके शुक्रवार तुमच्या शेजारी बसते मी. या तिघी आपसांत बोलतात, तुमच्याशी कुणी बोलत नाही, तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. कुणाला विचारायचीही सोय नव्हती. मला आपलं वाटायचं, तुम्ही फक्त मलाच दिसता की काय."

आणि खात्री करून घ्यायला त्यांनी एक बोट पुढे केलं आणि त्याच्या दंडाला टोचून पाहिलं.