लहानूशेठचे गुडघे आणि माझा कॅमेरा

अंधारात फोटो काढावा तर या नाशकात मीच! हे वाक्य मी २००३ साली गंगापूर रोडवरच्या नव्या डिस्कोच्या मालकाला, स्वराजशेठला, छातीवर हात ठेवून ऐकवलं. तोवर माझी निम्मी हयात पासपोर्ट फोटोंत आणि लग्नांत गेली होती.

"फ्लॅश मारायचा नाही," शेठ म्हणाले. "नाचणाऱ्यांचा मूड जातो. येत्या शनिवारचे फोटो आवडले, तर वर्षभराचं काम तुमचं."

वर्षभर डिस्कोचा निळा उजेड! मी तिथल्या तिथे तरंगायला लागलो.

पण कॅमेरा? डिजिटल बघितला. अंधारात त्याच्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे, आणि किंमत ऐकून माझ्याच डोळ्यांपुढे अंधार! शेवटी भद्रकालीतले कॅमेरे दुरुस्त करणारे सावळीरामकाका धावून आले. त्यांनी एक जुना, जड, रोलचा कॅमेरा काढला.

"लेन्स बघ, एक पॉइंट चार! आकडा जितका लहान, तितकं तिचं तोंड मोठं. काजव्याच्या उजेडात फोटो येईल."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखी," घरी बायको छाया म्हणाली. "कमाई लहान, तोंड मोठं!"

पुढचं ऐकून मात्र ती मटकन खालीच बसली. कॅमेऱ्याच्या बदल्यात मी दोन्ही फ्लॅश काकांना देऊन आलो होतो.

"अहो, आता लग्नांचे फोटो कसे काढणार?"

"लग्नं हवीत कोणाला?" मी म्हणालो.

शनिवारी आत शिरलो आणि आपण फोटोग्राफर आहोत हेच विसरलो. निळा धूर, आणि त्यात पाण्याखाली चालावं तशी हळूहळू हलणारी माणसं. मधोमध पांढऱ्या सफारीतला एक पन्नाशीचा जाडजूड गृहस्थ डोळे मिटून, हात पसरून एकटाच गिरक्या घेत होता. इतका सुखी माणूस मी मांडवात कधी पाहिला नव्हता! खांबाला टेकलो, श्वास रोखला, बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! भोवती निळं स्वप्न, हात पुसट, आणि चेहरा? मिशीचा केस न् केस मोजून घ्या! मग आम्ही स्टुडिओवाले जे करतो तेच केलं. फोटो मोठा करून रस्त्याकडच्या शोकेसमध्ये लावला, पालथं पडलेलं बाळ आणि हनुवटीला बोट लावलेली नवरी यांच्या मधोमध. शोकेसमध्ये लागायला लोक वशिला लावतात; विचारायचं कोणाला?

सोमवारी शेठचा फोन.

"फोटो उतरवा आधी! ते सटाण्याचे कांदा व्यापारी लहानूशेठ आहेत. घरी गुडघ्यांचा इलाज सांगून दर शनिवारी नाशकात येतात! आता बातमी थेट सटाण्यात पोचलीय!"

"पण चेहरा किती स्पष्ट..."

"अहो, लोक आमच्याकडे अंधारासाठी येतात! तुमचं काम रद्द!"

फ्लॅश गेले, काम गेलं. शोकेसकडे धावलो, तर काचेसमोर लुगड्यातल्या एक बाई उभ्या. आणि मागे साक्षात लहानूशेठ, लंगडत!

"झुंबर, तो मी नही," ते पुटपुटले.

"देऊळनी पायरी चढाले होत नही, मंग हाई काय शे?" झुंबरबाई कडाडल्या.

आता मार कोणाला आधी, एवढंच ठरायचं होतं. पण बाई फोटोकडे बघतच राहिल्या. आवाज एकदम मऊ झाला. "लगीनमा बी तुम्ही असा हसनात नही."

मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आमना दोन्हीसना असाच फोटू काढ. चांगला उना, तर आमनी पोरना लगीननं काम तुलेच!"

एक फोटो चांगला आला की अख्खं लग्न माझं! मी पुन्हा तरंगायला लागलो. दोघांना आत बसवलं. लहानूशेठ विजेच्या खांबासारखे ताठ. "हसा!" म्हटलं. हसेनात. माकडाची तोंडं करून झाली. शेवटी झुंबरबाई स्वतः उठल्या आणि त्यांनी खटकन दिवा बंद केला.

"आते नाचा!"

पडद्याच्या फटीतून थोडासा उजेड येत होता. बांगड्या किणकिणल्या, पावलं थपथपली, आणि लहानूशेठ खदखदून हसले. मग त्याही हसल्या. दोघं हात धरून गोल गोल फिरत होती आणि माझा स्टुडिओ कुठल्या कुठे विरघळून गेला होता. मी बटण दाबत सुटलो. चाळीस वेळा दाबलं, आणि मला दरदरून घाम फुटला. रोल तर छत्तीसचाच असतो! रविवारी जुना काढला, नवा भरलाच नव्हता.

दिवा लागला.

"फोटू कसा उना?" झुंबरबाईंनी धापा टाकत विचारलं.

"अगदी स्वप्नासारखा!" मी म्हणालो.