तीनशे दिव्यांची झाकणं

सोनाळ्याच्या समता महिला गटाचे तीनशे सौरदिवे तयार होऊन ओळीने मांडले होते, आणि त्यांच्यावरचे नावांचे स्टिकर एकेक करून गळत होते. एप्रिलचं ऊन खोलीच्या पत्र्यातून खाली उतरलं की डिंक पाघळायचा. झाडलोट केली की केरात निम्मे स्टिकरच निघायचे.

चौदा बायकांनी चार महिने खपून हे दिवे जोडले होते. पुण्याची एक इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आपल्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून ते शाळांतल्या मुलांना वाटणार होती. त्याआधी कंपनीचा तपासनीस येणार होता. माल कुठून आला, कोणाच्या हातून बनला, त्यात कोणाची पिळवणूक तर झाली नाही, हे सगळं तो पाहणार होता. गट पास झाला तर पुढच्या वर्षीचं काम पक्कं. नापास झाला तर चौदाही जणी पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणार होत्या.

गटाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या मंजुश्रीने कंपनीचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. प्रत्येक दिव्यावर जोडणारीचं नाव आणि प्रत्येक भागाचं मूळ ठिकाण असावं. ही नोंद कधीही पुसली जाऊ नये.

"मंग त्यात काय एवढं?" तिची सासू भिमाबाई म्हणाली. गटाची अध्यक्ष तीच होती. "भांड्यावर नाव घालतो तसं घालून घेऊ. माह्या मायनं देलेल्या पान्याच्या गुंडावरचं नाव पन्नास वर्सं घासून राह्यली, पुसलं काय?"

तिला हे सुचण्याला कारण होतं. लहानपणी वस्तीतलं लग्नकार्य उरकलं की विहाराची सामाईक भांडी घासायला ती आईबरोबर बसायची. पातेल्यांवर, परातींवर, ती देणाऱ्यांची नावं घातलेली असत. राखेने घासता घासता त्या नावांवरूनच ती अक्षरं शिकली. शाळेत नाव घातलं ते नंतर. तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं की भांड्यांवरची नावं सगळी बाप्यांची आहेत आणि घासायला बसलेल्या सगळ्या बाया आहेत.

दिव्यांची स्टीलची झाकणं पोत्यात भरून बाजारातल्या शालिग्रामच्या भांड्यांच्या दुकानात गेली. शालिग्रामचा नाव घालण्यात हातखंडा होता. तीस वर्षं त्याचं विजेचं यंत्र लग्नाच्या भांड्यांवर गुरगुरत आलं होतं, आणि नेमकी लग्नसराई ऐन भरात होती. संध्याकाळी पहिली वीस झाकणं आली. प्रत्येकावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कौशल्याबाई हिस विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट'.

गटातल्या कौशल्याबाईंना तीन नातवंडं होती. "या वयात माहं लगन लावून देलं याने," त्या म्हणाल्या, "अन् नवरा कोन ते बी नाही सांगितलं."

हात आपोआप चालतो, त्याला मी काय करू, असं शालिग्रामचं म्हणणं पडलं. ती वीस झाकणं उलटी करून आतल्या अंगाला पुन्हा नावं घालायची ठरली. उरलेल्या झाकणांना भिमाबाई स्टूल घेऊन त्याच्याशेजारी बसली. तो 'हिस' वर आला की ती त्याच्या मनगटावर बोट ठेवायची.

पत्रा अकोल्याचा होता, तार जळगावची होती, स्क्रू खामगावचे होते. कुठल्या दुकानातून कुठल्या वारी आणले हे भिमाबाईला तोंडपाठ होतं. घोडं अडलं ते बॅटरीपाशी. बॅटऱ्या कंपनीनेच खोक्यातून पाठवल्या होत्या आणि खोक्यावर काहीच नव्हतं. मंजुश्रीने पुण्याला फोन केला. पहिल्या माणसाने खरेदीवाल्यांना विचारायला सांगितलं, खरेदीवाल्यांनी गोदामाला, गोदामाने साहेबांना. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कशाला हवंय?

कौशल्याबाई म्हणाल्या, पुणे लिहून मोकळं व्हावं.

"पुण्याहून आली, पुण्यात झाली काय?" भिमाबाई म्हणाली. "लबाडी कायले? शालिग्राम, लिव. बॅटरी, मालूम नाही."

शालिग्रामने लिहिलं. तीनशे वेळा लिहिलं.

तपासनीस शौनक आला तो दिवे वाटायच्या आदल्या दिवशी. तिशीच्या आतला, स्वभावाने भला, पण नियमाचा पक्का. गटाचा चहासुद्धा त्याने नाकारला, कारण ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडून काही घेणं कंपनीच्या नियमांत बसत नव्हतं. त्याने पहिला दिवा उचलून झाकण उघडलं, आणि आतल्या बाजूला 'सप्रेम भेट' वाचून तो एकदम सावध झाला. ही भेट कोणी कोणाला दिली, असं त्याने विचारलं. कौशल्याबाईंनी लग्नाची हकीकत सांगितली, तेव्हा तो जरा हसला. मग त्याने झाकण उलटं केलं आणि त्याचं हसू गेलं. दुसरा दिवा पाहिला, तिसरा पाहिला.

"अहो, हे काय केलंत? इथे आमच्या कंपनीचं चिन्ह यायचं होतं. उद्या फोटो निघणार आहेत. या 'मालूम नाही'वर कानस तरी फिरवा."

मंजुश्रीने कंपनीचं पत्र पुढे केलं. नोंद कधीही पुसली जाऊ नये.

शौनकने कपाळावरचा घाम पुसला. "आजी, हे असं गेलं तर मला गट नापास करावा लागेल."

सगळ्याजणींनी भिमाबाईकडे पाहिलं.

"करा," भिमाबाई म्हणाली. "पन काऊन केलं ते बी लिवा. तुमी इचारलं ते आमी सांगितलं. जे मालूम नाही ते बी सांगितलं. तुमाले मालूम असन तं बोला, शालिग्राम दुकानातच हाये."

शौनकने तिथेच फोन लावला. पहिल्या माणसाने खरेदीवाल्यांना विचारायला सांगितलं.

"आता गोदामवाले," मंजुश्री हळूच म्हणाली.

गोदामवालेच आले. मग साहेब आले. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण शौनक म्हणाला, "मी तपासनीस आहे, म्हणून हवंय," आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने त्याने चहा मागितला. मग दोन कोरे तक्ते काढले, एकावर गटाचं नाव घातलं, दुसऱ्यावर कंपनीचं. दोन्हींत प्रश्न तेच होते. जोडणारी व्यक्ती माहीत आहे काय? मालाचं ठिकाण माहीत आहे काय? काही दडवलं आहे काय? गटाचा तक्ता दहा मिनिटांत भरून झाला. कंपनीच्या तक्त्याला तो बराच वेळ पेन चावत बसला, पण भरला खराच. गट पास झाला. कंपनी एका प्रश्नात नापास झाली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी शाळेत दिवे वाटले ते झाकण खाली धरून. मुलांनी हातात पडताच ते उलटे केले आणि आपापल्या आया, आज्या, मावश्यांची नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. फोटो नेमके तेव्हाच निघाले.

जुलैत शाळा सुरू झाली आणि कंपनीचं पत्र आलं. पुढच्या वर्षीचं काम होतंच. सोबत बॅटरीच्या कारखान्याचं नाव, गाव, सगळं होतं. शोधायला तीन महिने लागले, असं खाली शौनकने आपल्या हाताने लिहिलं होतं. एक विनंतीही होती. ही माहिती झाकणांवर घालतानाच कंपनीचंही नाव कुठे बसत असेल तर पाहावं.

शालिग्राम यंत्र घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसला. शेजारी स्टुलावर भिमाबाई. मुलं रांगेने दिवे आणून देत होती. 'मालूम नाही'च्या पुढे त्याने गाव घातलं. मग झाकणाच्या कडेला, जोडणारीच्या नावाखाली जी बोटभर जागा उरली होती, तिथे बारीक अक्षरात कंपनीचं नाव घातलं. 'यांजकडून' आलं आणि सवयीने त्याचा हात थांबला. तो मनगटावरच्या बोटाची वाट पाहू लागला.

भिमाबाईने पदराने झाकण पुसलं, त्यावरचं जोडणारीचं नाव एकदा वाचलं आणि दिवा त्याच्यापुढे सरकवला.

"आता घाल तुहं ते सप्रेम भेट," ती म्हणाली. "आता शोभते."