जन्माचा बार, दोन प्रतींत

संत्रं सोलताना माणसाने कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हणू नये. हात गुंतलेले असतात, डोळ्यांत सालीचा फवारा गेलेला असतो आणि समोर सात महिन्यांची पोटुशी बायको बसलेली असते. (तिच्यापुढे एरवीही 'नाही' म्हणायचा मला सराव नाही, पण हात मोकळे असले तर निदान खाकरून वेळ काढता येतो.)

"मुलगी झाली तरी बंदुकीचा बार निघाला पाहिजे," देचम्मा म्हणाली. "आणि तो तुम्ही काढायचा."

"हो," मी म्हणालो आणि एक फोड तिच्या हातावर ठेवली.

फोड ठेवल्यावर मला घाम फुटला. आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, घरातली मोठी बातमी बंदूक सांगते. शेजाऱ्याकडे जायचं तर कॉफीच्या मळ्यांतून अर्धा तास उतरावं लागतं आणि पाऊण तास चढावं लागतं, मग निरोप्या पाठवणार कोण? म्हणून एक बार ऐकू आला की समजायचं, कुणाला तरी मुलगा झाला. लागोपाठ दोन ऐकू आले की हातातलं काम टाकायचं, पांढरे कपडे चढवायचे आणि निघायचं, कुणीतरी गेलं. आणि मुलगी झाली तर बार नाही. आमच्या भागात घरातली बाई अंगणात उभी राहून काशाचं ताट वाजवते, तेही गोठ्यातल्या गाईला ऐकू जाईल इतपतच.

देचम्मेला हे ताट लहानपणापासून सलत होतं. "माझा बाप सैन्यात सुभेदार," ती म्हणायची, "घरात तीन बंदुका, आणि मी जन्मले तेव्हा ताट! जशी काही मी जेवायलाच आले होते!"

तिला हे बोलायचा अधिकारही होता. त्याच वर्षी कैलपोदच्या सणाला, बंदुकांची पूजा झाल्यावर, माडाच्या शेंड्याला बांधलेल्या नारळावर सगळ्यांनी नेम धरला. देचम्मेला पाचवा महिना. तिने पदर खोचला, एकच गोळी झाडली आणि नारळाची दोन भकलं खाली आली. मग माझी पाळी आली. माझ्या गोळीने नारळ जागचा हलला नाही, पण खालच्या बाजूला शेजारी कुशालप्पाच्या गोठ्याची दोन कौलं फुटली. मी कॉफी सोसायटीत कारकून आहे. माझा नेम शिक्का मारण्यात चांगला आहे.

दुसरी अडचण होती बेळ्ळियप्पा आज्जाची. आज्जा म्हणजे माझ्या वडिलांचे काका, वय एक्क्याण्णव, आमच्या घराण्याचे कर्ते. घरातली दुनळी बंदूक त्यांच्या खोलीत त्यांच्या उशाशी टांगलेली. डिसेंबरात त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. वैद्य येऊन मान हलवून गेला. तरी एके दिवशी मी भीत भीत विषय काढला.

"मुलाला बार, मुलीला ताट," आज्जा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आज मुलीला बार मागतोस. उद्या मांजरीला पिल्लं झाली की तोफ मागशील."

मी हे देचम्मेला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "तुम्ही 'हो' म्हणाला होतात ना?" आणि मला पुढचं संत्रं दिलं.

त्या नऊ महिन्यांत खरं सांगायचं तर गर्भारपण मीच जास्त भोगलं. उलट्या तिला पंधरा दिवस झाल्या, मला जळजळ नऊ महिने. ती मळ्यात उभी राहून कॉफी तोडणाऱ्या बायकांना हाका मारायची, आणि मी मागून छत्री आणि पाण्याचा तांब्या घेऊन. बायका हसायच्या. "दिवस कुणाला गेलेत हो?" असं त्यांच्यातली एक विचारायची, आणि देचम्मा गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट दाखवायची.

जानेवारीत एका रात्री कळा सुरू झाल्या. नर्सबाई आल्या. मी तीन हंडे पाणी उकळलं. ते कुणीच मागितलं नाही, म्हणून चौथा चढवला. आणि सकाळी सव्वादहाला आतून तो आवाज आला.

काय सांगू तुम्हाला! एवढ्याशा छातीत एवढा आवाज कुठून येतो? मी हंड्याशेजारी बसून चक्क रडलो. धुराने नव्हे.

"मुलगी!" नर्सबाई दारातून म्हणाल्या. "आई-बाळ दोघी ठणठणीत."

माझी आई, म्हणजे आमची अव्वा, डोळे पुसत फळीवरचं काशाचं ताट काढायला गेली. तेवढ्यात आतून देचम्मेचा घोगरा आवाज आला. रात्रीपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. पण पाणी मागितलं नाही. म्हणाली, "अहो! ताट नाही!"

मी धावलो. आज्जा झोपले होते. मी उशाजवळून बंदूक काढली, अंगणात आलो आणि काडतूस भरलं. मग विचार आला, हे फुसकं निघालं तर? माझ्या मुलीचा पहिलाच बार फुसका? सोसायटीत आमचा नियमच आहे, कुठलाही कागद दोन प्रतींत. एक गहाळ झाली तर दुसरी असावी. म्हणून मी दुसऱ्या नळीतही काडतूस भरलं.

बाकी सगळं फार भरभर झालं. मी डोळे मिटले (नेम धरायचा नव्हताच), घोडा ओढला, बंदुकीने मला खांद्यावर अशी लाथ मारली की मी खळ्यात वाळत घातलेल्या कॉफीच्या ढिगात जाऊन बसलो, आणि पडता पडता बोट कुठे गेलं ते माझ्या लक्षात आलं नाही. ठो! ठो! दरीत आवाज घुमला. मला वाटलं, दुसरा म्हणजे पहिल्याचाच प्रतिध्वनी. मी कॉफीत बसल्या बसल्या अभिमानाने फुगलो. आमच्या घराण्यात मुलीसाठी निघालेला पहिला बार, आणि तो कुणी काढला, तर मी!

पाऊण तासाने चढावरून पहिला आला कुशालप्पा. अंगात पांढरे कपडे, खांद्यावर कुऱ्हाड. मला वाटलं, आनंदाने धावत आला बिचारा, कौलांचा राग गिळून. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"कधी झालं?"

"सव्वादहाला."

"फार त्रास झाला का?"

"रात्रभर. पण शेवट गोड झाला."

"सुटका झाली म्हणायची," कुशालप्पा म्हणाला. "शेवटी काही बोलणं?"

"बोलणं कसलं! नुसतं रडणं. सगळं घर दणाणून सोडलं."

कुशालप्पाचा चेहरा पडला. "रडणं? एवढा करारी माणूस! बरं, चेहरा शांत आहे ना?"

"लालबुंद आहे. आणि डोक्यावर काय केस आहेत! काळेभोर!"

कुशालप्पाने माझ्याकडे, मग घराकडे पाहिलं. आज्जांचं डोकं चाळीस वर्षं तुळतुळीत होतं. "दुःखाने असं होतं माणसाला," तो हळूच म्हणाला. "तू बस. लाकडांचं मी बघतो. आंब्याचं झाड कुठलं तोडायचं?"

"आंब्याचं झाड कशाला?"

तोवर चढावर पांढऱ्या साड्यांची रांग दिसायला लागली होती. पुढे बोजक्का. दरीतल्या प्रत्येक मयताला पहिला हुंदका तिचा असतो. तिने पायरीवर पाय ठेवला आणि गळा काढला, "गेला गं आमचा वाघ! दोन घास सुखाचे खाल्ले नाहीत की कुणाला खाऊ दिले नाहीत!"

आणि आतल्या दारातून काठी टेकत, पांढरे कपडे घालून, बेळ्ळियप्पा आज्जा बाहेर आले.

"दोन बार ऐकले," ते म्हणाले. "कोण गेलं रे? कुशालप्पा, तुझा बाप का?"

कुशालप्पाच्या खांद्यावरची कुऱ्हाड खाली पडली. "आज्जा! तुम्ही!"

"मी निघालोच आहे. काठी सापडत नव्हती. पण तुम्ही सगळे इथे का थांबलात?"

दोन बायका मटकन खाली बसल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बंदुकीकडे पाहिलं. दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. प्रतिध्वनी दरीत उमटतो, काडतूस रिकामं करत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बोजक्काने कपाळावर हात मारला. "पोर जन्मली आणि मरणाचे बार! देवा रे! हा शकुन काही बरा नाही." मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. अव्वा मान खाली घालून ताटाची कड चोळत उभी राहिली. आणि मला कळलं, मी काय करून बसलो ते. माझ्या पोरीला या जगात येऊन तास झाला नव्हता आणि मी तिच्या कपाळी जन्माचं कुजबुजणं लिहून ठेवलं होतं. शाळेत, लग्नात, सणाला, सगळीकडे लोक म्हणणार, हीच ती, मरणाच्या बारांची. आयुष्यात इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडली.

"बोजक्का," देचम्मा आतून म्हणाली. आवाज दमलेला होता, पण सुभेदाराचाच होता. "आज्जा अंथरुणातून शेवटचे कधी उठले होते?"

"महिना झाला की गं."

"वैद्याने काय सांगितलं होतं?"

बोजक्काने पदर तोंडाला लावला.

"वैद्याला महिन्यात जमलं नाही ते माझ्या मुलीने तासाभरात करून दाखवलं. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस कपडे करून, काठी घेऊन, दुसऱ्याच्या मयताला निघाला! याहून चांगला शकुन तुमच्या माहितीत असला तर सांगा."

सगळं अंगण आज्जांकडे बघायला लागलं. आज्जांनीही स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आपण उभे आहोत हे त्यांच्याही आत्ताच ध्यानात आलं असावं.

"अजून वरच्या गावाहून लोक निघाले असतील," कुशालप्पा म्हणाला. "त्यांना कसं कळवायचं?"

"ताट वाजवू का?" अव्वाने विचारलं.

"ते ऐकणार कोण, गाय?" आज्जा खेकसले. मग मिशी चावत म्हणाले, "मेलं कुणी नाही, जन्मलं आहे, हे दरीला सांगायचं तर एकच बार काढावा लागेल. दुसरा इलाज नाही."

"पण आज्जा, एक बार म्हणजे लोक मुलगा समजतील," कुणीतरी म्हणालं.

"समजू देत. येतील, बघतील आणि शहाणे होतील. बंदूक आणा."

मी बंदूक उचलली. क्षणात अख्खं अंगण आडवं झालं. बोजक्का, वय सत्तर, कॉफीच्या पोत्यामागे गेली.

"तू नाही!" आज्जा ओरडले. त्यांनी बंदूक माझ्याकडून हिसकावली, एक काडतूस भरलं, फक्त एक, आणि ती खांद्याला लावली. दस्ता खांद्यावरून घसरत होता.

"आज्जा, खांदा घट्ट," खिडकीतून सूचना आली.

"मला शिकवतेस?" असं म्हणत आज्जांनी खांदा घट्ट केला. ठो! एकच. स्वच्छ. दरीच्या त्या टोकापर्यंत गेला असेल.

मग सगळे कान देऊन थांबले, बाळ आता किंचाळणार म्हणून. नर्सबाईंनी खिडकीत गाठोडं वर धरलं. माझ्या मुलीने सगळ्या दरीसमोर तोंड उघडलं आणि एक भलीमोठी जांभई दिली.

"बघा!" आज्जांची काठी हवेत गेली. "रडली नाही! हिचा बाप झाला तेव्हाही मीच बार काढला होता. तीन दिवस केकाटत होता गाढव. ही खरी माझी पोर!"

मयताला आलेली माणसं बारशासारखी जेवून गेली. डुकराच्या मटणाची हंडी संध्याकाळपर्यंत तीनदा चढली. देचम्मा मिरे-लसणाचा झणझणीत रस्सा पीत मुलीला सांगत होती, "तुझ्यासाठी तीन बार निघाले गं, तीन! तुझ्या बापासाठी एकच." मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि मला जराही राग आला नाही.

चौथ्या दिवशी सोसायटीत गेलो तर माझ्या खुर्चीला झेंडूचा हार. विराजपेटच्या बसच्या ड्रायव्हरने बातमी नेली होती: नाणय्याच्या, म्हणजे माझ्या, घरी आधी दोन बार, मग एक. सोसायटीने बेरीज केली की नाणय्या गेला आणि मागे मुलगा झाला. शोकसभा झाली, अर्धा दिवस सुट्टी मिळाली. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, कधीही न चुकणारा' असा माझ्याबद्दल ठराव झाला, दोन प्रतींत. मॅनेजर म्हणाले, "ठराव मागे घ्यायचा तर बैठक बोलवावी लागेल. राहू दे. आणि तो अर्धा दिवस तुझ्याच रजेत धरलाय." एक प्रत मी घरी आणली. देचम्मेने ती नीट वाचली आणि विचारलं, "हे कोण गृहस्थ?"

आज्जा पुढे चार वर्षं जगले आणि रोज बेळ्ळियम्माला (नाव त्यांचंच ठेवलं) मांडीवर घेऊन बंदुकीचे भाग शिकवत राहिले. आता ती चौदा वर्षांची आहे. गेल्या कैलपोदला तिने पहिल्याच गोळीत नारळ फोडला. आईसारखाच.

आणि आता आमच्या दरीत मुलगी झाली तरी बार निघतो. बोजक्काच्या नातीच्या वेळी तर बोजक्काने स्वतः मागून घेतला. लोक मान देतात हो. ज्याच्यामुळे ही रीत सुरू झाली त्याला विसरत नाहीत. मुलगा असो की मुलगी, कुठेही बाळ जन्मलं की मला आवर्जून बोलावतात, अंगणात मधोमध उभं करतात, बंदूक दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतात आणि माझ्या हातात काशाचं ताट देतात.