सतरा नंबरच्या ताई

अर्शियाने मोबाइल अब्बांच्या हातात दिला आणि ती दोन पावलं मागे सरकली. पडद्यावर एक परदेशी बाई होती. तिचे दंड उघडे, मांड्या उघड्या, अंगावर घट्ट काळा कपडा आणि चेहऱ्यावर जग जिंकल्यासारखं हसू. फरजाना स्वयंपाकघराच्या दारात कणकेचा हात तसाच धरून उभी राहिली. आता इद्रिस काय बोलतो यावर सगळं ठरणार होतं. इद्रिसने दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ त्या बाईच्या खांद्याकडे बघत राहिला.

"खांदाना जोड चुकना," तो म्हणाला.

इद्रिस मास्तर नंदुरबारच्या बाजारातला जुना टेलर. घराणं मूळ धानोऱ्याचं, त्यामुळे घरात हिंदी आणि अहिराणीची खिचडी चाले. त्याची बायको फरजाना उर्दू शाळेत शिकवायची. शाळेत जायची सायकलवर, आणि शाळेत गेल्यावर पोरांच्या मागे धावायची. तिचं माहेर प्रकाशाचं, तापीच्या काठावरचं. चालायला आणि पोहायला ती बहुधा एकाच वर्षी शिकली असावी. गावाबाहेरच्या धरणावर पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी छोटी ट्रायथलॉन आहे, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकलवर धानोऱ्याला जाऊन यायचं आणि शेवटी धावायचं, हे अर्शियाने कॉलेजात ऐकलं आणि कुणालाही न विचारता आईचं नाव देऊन टाकलं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात फरजानाने स्वतःसाठी केलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि तीही लेकीने करून दिलेली. पण एकदा नाव गेल्यावर ती रविवारी पहाटे शाळेतल्या दोन बाईंबरोबर धरणावर जाऊ लागली. परत यायची तेव्हा ती बाजारात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने गुणगुणत असायची.

अर्शियाने दाखवलेला फोटो अशाच शर्यतीतला होता, पण कपड्यांचा प्रश्न फरजानाच्या लेखी नव्हताच. "मन्हा निळा सलवार-कमीज शे ना," ती म्हणाली. "ओढणी कमरले बांधसु, बस."

इद्रिसला हे फार लागलं. टेलरची बायको साऱ्या गावासमोर घरातल्या कपड्यात पाण्यात उतरणार आणि लोक म्हणणार, मास्तर गावाचं शिवतो आणि बायकोला काय घालतो बघा. त्याने त्याच रात्री जाहीर केलं की तिन्ही कामांना चालेल, अंगभर असेल आणि दिल्लीतही मिळणार नाही असा एक पोशाख तो स्वतः शिवणार. फरजानाने त्याच्यापुढे ताट सरकवलं. नवऱ्याचा उत्साह आणि दुधाची उकळी, दोन्हींकडे थोडा वेळ नुसतं बघावं लागतं, हे तिला ठाऊक होतं.

इद्रिसने विचार केला तो अगदी सरळ केला. पाण्यात जायचं म्हणजे पाणी आत यायला नको. म्हणून त्याने रेनकोटचं कापड घेतलं. केस सुटायला नकोत, म्हणून कापडाची टोपी गळ्याशीच जोडली आणि तिला हनुवटीखाली बंद लावला. सायकलवर बसायचं तर बैठकीला गादी हवी, असं अर्शियाने वाचून सांगितलं होतं. म्हणून मागच्या बाजूला त्याने चांगला जाड स्पंज घातला. स्पंज पाणी पितो हे लक्षात आल्यावर त्याने तो रेनकोटच्या कापडाच्या पिशवीत घालून चहूबाजूंनी शिवून, वर मेण लावून बंद केला. आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक लांब, मजबूत, पितळी चेन लावली. ती बॅगांना लावतात तसली होती.

फरजानाला माप द्यायला वेळ नव्हता. शाळेच्या परीक्षा चालू होत्या. तेव्हा इद्रिसने तो पोशाख स्वतःच घालून बघायचं ठरवलं. धानोऱ्याला त्याचा बालमित्र सुकराम याच्या शेतात सिमेंटचा मोठा हौद होता. इद्रिसला पोहता येत नव्हतं, पण हौदाला कठडा होता आणि सुकरामच्या हातात दोर होता. सुकरामने मागून चेन लावून दिली, इद्रिसने अल्लाचं नाव घेतलं आणि तो पाण्यात शिरला.

पुढचा प्रकार सुकराम अजून सांगतो. बैठकीतल्या स्पंजने आपलं काम चोख बजावलं. इद्रिसची बैठक एखाद्या घागरीसारखी वर आली आणि डोकं, साहजिकच, खाली गेलं. हौदाच्या मधोमध एक मोठा काळा चेंडू तरंगत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बुडबुडे येत होते. सुकरामने दोर ओढून मित्राला कठड्यावर पालथा घातला, पोटातलं पाणी काढलं आणि शांतपणे म्हणाला, "इद्रिसभाई, तुम्हना खालना भाग पोहस. वरना बुडस."

दुसरा कुणी असता तर त्याने बैठकीतला स्पंज काढला असता. पण इद्रिस कारागीर होता, केलेलं उसवणं त्याच्या रक्तात नव्हतं. खालचा भाग वर येतो तर वरचाही वर आणला पाहिजे, असा हिशेब करून त्याने छातीला स्पंज घातला. मग छाती-बैठकीमुळे माणूस कुशीवर वळू लागला, म्हणून दोन्ही बगलांखाली घातला. मान लटकू लागली, म्हणून टोपीत घातला. शेवटच्या चाचणीत तो हौदात उताणा, चारपाईवर पडावा तसा पडून राहिला आणि सुकरामने कठड्यावरून दिलेला चहा त्याने तसाच पडल्यापडल्या प्यायला. चेन मात्र अवघड होती. ती आतून उघडेना. कमरेशी किंचित डावीकडे ओढून मग वर घ्यायची, ही खुबी फक्त सुकरामच्या हाताला बसली होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबराचं कापड मिळालं. सतरा. बाकीच्यांनी ते टाचण्यांनी लावलं. इद्रिसने ते छातीवर मशीनने दुहेरी टीप मारून पक्कं केलं.

सकाळी धरणाच्या काठावर मांडव होता, मांडवात भोंगा होता आणि भोंग्यावर गुलाबसिंग सर होते. ते निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांचा आवाज मुळातच इतका मोठा की माइक त्यांच्यापुढे लाजून शिट्टी मारायचा. फरजाना निळ्या सलवार-कमीजमध्ये आली होती. नवऱ्याचं मन राखायला पोशाख घालायचं तिने कबूल केलं होतं, पण ती पाठीवरची पितळी चेन बघून थबकली. आत गेल्यावर बाहेर कसं यायचं, एवढंच तिला आधी बघायचं होतं. "तुम्ही घाली दाखाडा," ती म्हणाली.

इद्रिसने मांडवामागे जाऊन पोशाख घातला, टोपीचा बंद हनुवटीखाली आवळला आणि अर्शियाने चेन वर ओढली. ती लागली. मग ती उघडेना. डावीकडे ओढून झालं, उजवीकडे ओढून झालं. चेनच्या दातांत स्पंजाच्या पिशवीचा काठ अडकला होता. साबण चोळला तर सुटेल, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून अर्शिया साबण शोधायला धावली.

तेवढ्यात भोंग्यावरून महिलांची तुकडी पाण्याकडे बोलावली गेली. एका स्वयंसेवकाने मांडवामागे डोकावून पाहिलं. त्याला एक अंगभर झाकलेली, भरदार बाई दिसली. छातीवर सतरा नंबर होता, दाढी बंदाखाली दबलेली होती, आणि वरून अर्शियाने माप बघायला चढवलेला पोहण्याचा चष्मा होता. "ताई, तुमची तुकडी निघाली," असं म्हणत त्याने आदराने, अंगाला हात न लावता, नुसते हात पसरून तिला काठाकडे हाकललं. इद्रिस काही सांगू पाहत होता, पण बंद इतका आवळलेला की जबडा हलत नव्हता. फरजानाने हे पाहिलं. पोशाख गेला, नंबर गेला, आता उरली होती फक्त शिट्टी. ती वाजली. फरजानाने ओढणी कमरेला बांधली आणि सरळ पाण्यात उडी घेतली.

इद्रिस मागच्या बायकांच्या रेट्याने गेला.

बुडणं त्याला शक्यच नव्हतं. पण पोहणंही शक्य नव्हतं. तो उताणा पडून आकाश बघत राहिला आणि वारा नेईल तिकडे जात राहिला. भोंग्यावरून गुलाबसिंग सर धीर देत होते. "सतरा नंबरच्या ताई, खचून जाऊ नका. हात हलवा. ताईंनी विश्रांती घेतलेली आहे, टाळ्या वाजवा." शेवटी परतीच्या वाटेवरच्या शहाद्याच्या दोन शिक्षिकांना दया आली. त्यांनी एकेक पाय धरला आणि हातगाडी ढकलावी तसं त्याला काठापर्यंत आणून सोडलं. तोंडात एवढं पाणी गेलं होतं की बंद थोडा सैल झाला तरी आता आवाजच बसला होता. घशातून नुसती फुंकर निघायची.

काठावर अर्शिया नव्हती. फरजाना केव्हाच पाण्यातून निघून सायकलवर टांग मारून गेली होती. लोक म्हणत होते, सायकल कुठे, ताईंची सायकल कुठे, आणि एका दूधवाल्याने दिलदारपणे स्वतःची पुढे केली, रिकाम्या कॅनसकट. इद्रिस ती नाकारणार तोच त्याला आठवलं की सायकलचा रस्ता धानोऱ्याला जातो. धानोऱ्याला सुकराम होता. जगात ही चेन उघडू शकणारा एकच माणूस. इद्रिस सायकलवर चढला आणि सगळं धरण टाळ्यांनी दणाणलं.

आयुष्यात त्याने सायकल एवढी कधी दामटली नव्हती. मागे कॅन खडखडत होते, आत पाणी डचमळत होतं, ऊन चढत होतं आणि रेनकोटच्या कापडात तो हळूहळू शिजत होता. धानोऱ्याच्या फाट्यावर, जिथून सायकली वळत होत्या, तिथे सुकराम पाण्याचे ग्लास घेऊन नुकताच येऊन उभा राहिला होता. इद्रिस उतरला, त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि अंगठ्याने पाठीकडे खुणा करू लागला.

सुकरामने पोशाख ओळखला. पोशाखाच्या आत कोण असणार हेही त्याला माहीत होतं, कारण तो कुणासाठी शिवला हे त्याने इद्रिसकडूनच ऐकलं होतं. तो चार पावलं मागे सरला आणि त्याने नजर जमिनीला लावली.

"भाभी, मी तुम्हनी चेनले हात कसा लावू?" तो म्हणाला. "इद्रिसभाई माले काय म्हणतीन?"

इद्रिसने चष्मा काढायला हात वर नेला. सुकरामला वाटलं, भाभी सलाम करते आहे. त्याने दोन्ही हात जोडले, भाभीच्या अंगावर एक कळशी थंड पाणी ओतलं आणि गावातल्या चार पोक्त माणसांना बोलावून तिला मानाने सायकलवर बसवून रस्त्याला लावलं. मित्राची मर्यादा पाळल्याच्या समाधानाने तो कितीतरी वेळ तिथेच उभा होता.

परत धरणावर येईतो इद्रिसला काहीही कळेनासं झालं होतं. धावण्याच्या भागात तो का धावला असं नंतर लोकांनी विचारलं. कारण साधं होतं. शेवटच्या फितीच्या पलीकडे अर्शिया उभी होती आणि तिच्या हातात साबण होता. एवढं एक दृश्य डोळ्यांपुढे ठेवून तो फचक फचक आवाज करत पळत राहिला. सगळ्यांच्या शेवटी, पण पोहोचला. गुलाबसिंग सर स्वतः खाली उतरले. त्यांनी सतरा नंबरच्या ताईंच्या गळ्यात पदक घातलं आणि जिद्द म्हणजे काय ते नंदुरबारने आज पाहिलं, असं भोंग्यावर सांगितलं.

तेव्हा फरजाना पुढे आली. तिने साबण घेतला, चेनवर चोळला, एक हिसका दिला. पोशाख खांद्यावरून खाली आला, टोपी सुटली आणि दाढी बाहेर आली. भोंगा एकदम गप्प झाला.

मग जे व्हायचं ते झालं. फरजाना बायकांमध्ये दुसरी आली होती, हे अनेकांनी पाहिलं होतं. पण तिच्या अंगावर नंबर नव्हता. सतरा नंबर धरणातून आला होता, धानोऱ्याला जाऊन आला होता, पळाला होता. गुलाबसिंग सरांनी डोकं खाजवलं. फरजाना धावल्याची नोंद कुठेच नव्हती, आणि इद्रिस मास्तर बाई नव्हता. त्यामुळे सरांच्या मते दुसरा क्रमांक कोणाचाच नव्हता.  ओले केस कानामागे सारून फरजाना धरणाकडे बघत उभी राहिली. इद्रिसला ते बघवेना. त्याने गळ्यातलं पदक काढून तिच्या गळ्यात घातलं. तिने ते राहू दिलं.

वातावरण सैल व्हावं म्हणून असेल, किंवा खरंच असेल, पण त्याचे पाय ढकलणाऱ्या शहाद्याच्या दोघी जवळ आल्या. फरजानाचा ड्रेस त्यांनी हाताने चाचपून बघितला. किती हलका, किती लवकर वाळला, पोहताना कुठे अडकला नाही, सायकलवर कुठे गुंतला नाही. आम्हाला असाच हवा, मास्तर, तुम्हीच शिवलात ना? इद्रिसचा बसलेला आवाज तेवढ्यापुरता परत आला. कमरेपर्यंत लोंबणाऱ्या स्पंजांसकट तो ताठ झाला आणि हो म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"खापर गावना बाजारमाईन लिधा," फरजाना म्हणाली. "तयार."

इद्रिसने उघडलेलं तोंड मिटलं.

"तुम्हले येळ कोठे व्हता?" तिचा आवाज चढला नव्हता. "तीन ईद उन्यात नि गयात. दर येळे तुम्ही सांगं, पहिले गिऱ्हाइकना कपडा."

त्या दोघी हळूच बाजूला झाल्या. अर्शियाने आईच्या हातातला साबण घेऊन खिशात टाकला. इद्रिसने दूधवाल्याची सायकल परत केली, पोशाख गुंडाळून काखेत मारला आणि घरापर्यंत तो बायकोच्या मागून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावरच होतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. आत इद्रिस मास्तर गळ्यातली टेप हातात घेऊन उभा होता आणि फरजानाला हात वर करायला सांगत होता. खांदा, बाही, उंची त्याने दोनदोनदा मोजली, कुठेतरी काहीतरी चुकेल अशा धास्तीने. कापड कोणतं, रंग कोणता, गळा कसा, सगळं त्याने तिलाच विचारलं. शेवटी पाठीचं माप घेताना तो जरा घुटमळला.

"चेन नको," फरजाना म्हणाली. "नाडा चाली."